घोडी घेताना रंगावर जाऊ नका



हिंजवडी, माण, मारुंजीच्या शिवारात इमारती उठल्या, तरी आपल्या मुळशीतली घोडीची हौस काही कमी झालेली नाही. कुणाला वरातीसाठी घोडी पाहिजे, कुणाला बैलगाड्यापुढे पळवायला. हातात पैसा आला की मंडळी दत्तजयंतीला तापीकाठचे सारंगखेडे गाठतात, नाहीतर नांदेडकडच्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत जातात. जावे, जरूर जावे. पण सौदा कसा करावा, हे जाण्याआधी समजून घ्यावे.

बाजारात हेडी पहिल्यांदा दाखवतो रंग आणि भोवरे. गळ्यावर देवमण आहे, पाय पंचकल्याणी आहेत, अंग नुकरा आहे, म्हणून किंमत चढत जाते. भोवऱ्याने घोडी पळत नाही, पायाने पळते, हे मात्र कुणी बोलत नाही. आता ठिपक्याठिपक्यांच्या घोड्याला ‘अपालूसा’ म्हणून भाव सांगितला जातो. ही अमेरिकेतील जात, तिथल्या नेझ पर्स आदिवासींनी जोपासलेली. अंगावर ठिपके दिसले म्हणजे ती जात झाली असे नव्हे. नोंदणीचा कागद नसेल तर ठिपक्यांचा एक रुपयाही जास्त देऊ नये. शिवाय या जातीत डोळ्यांची दुखणी इतर घोड्यांपेक्षा अधिक आढळतात. काही जनावरांना रात्री दिसत नाही. तेव्हा डोळे नीट पाहावेत आणि संधिप्रकाशात जनावर चालवून बघावे.

वय दातांवरून ओळखावे. खालच्या जबड्यात पुढे सहा दात असतात. मधले दोन दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडून पक्के येतात, त्याशेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. पाचव्या वर्षी तोंड पूर्ण होते. पुढे दातांवरचे खळगे झिजू लागतात. मधले सहाव्या वर्षी, कडेचे आठव्या वर्षाच्या आसपास. त्यापुढे अंदाजच असतो. लबाड लोक म्हाताऱ्या घोड्याच्या दातात खळगे कोरून काळे करतात, म्हणून दाताबरोबर डोळ्यावरचे खड्डे आणि पाठीची ठेवणही पाहावी.

पायाला सर्वांत जास्त वेळ द्या. घोडी कठीण जमिनीवर दुडकी पळवून, मग दोन्ही अंगांनी वर्तुळात फिरवून बघा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडी डोके वर झटकते. खूर हाताने चाचपा. एक खूर इतरांपेक्षा गरम लागला तर दुखणे समजा. दुखरा पाय सुईने बधिर करून विकायला आणणारेही आहेत. म्हणून एकदाच पाहून इसार देऊ नये. दुसऱ्या दिवशी सकाळी ठाणावरून बाहेर काढताना पुन्हा पाहावे. हेडी घाई करू लागला तर आपण चहा प्यायला निघून जावे, बरं का!

आता महत्त्वाचे. ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग २००६ साली आपल्या राज्यात पुन्हा आढळला. नाकातून घट्ट शेंबूड येतो, अंगावर गाठी येऊन फुटतात, आणि तो माणसालाही होतो. बाधित जनावरावर उपचार करीत बसता येत नाही. २००९ च्या कायद्याप्रमाणे त्याला मारावे लागते. घोडी वरून ठणठणीत दिसली तरी रोग असू शकतो. रक्ताची तपासणी हाच खरा मार्ग. हरियाणातील हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात ही तपासणी होते. विकणाऱ्याकडे तपासणीचा अलीकडचा दाखला मागावा. नसेल तर पशुवैद्यकाकडून नमुना पाठवावा, अहवाल येईपर्यंत पुरी रक्कम देऊ नये, आणि ही अट पावतीवर लिहून घ्यावी. रुमालाखाली बोटे दाबून ठरलेला भाव पावतीत उतरत नाही, तेवढे लक्षात ठेवा. गाभण म्हणून जादा पैसे मागितले तर तेही तपासून घ्यावे. घोडी सुमारे अकरा महिने गाभण राहते.

जे बंधू विकणार आहेत त्यांनी जनावराची खोड, जुनी दुखापत, टोचलेली लस हे पावतीवर स्वतःच लिहावे. मागाहून तंटा होत नाही.

घरी आणल्यावर नवी घोडी तीन आठवडे इतर घोड्यांपासून वेगळी बांधावी, तिची बादली आणि खरारा वेगळा ठेवावा. धनुर्वाताची लस द्यावी. चारा एकदम बदलू नये. पहिले दिवस विकणाऱ्याकडचाच कडबा-हरभरा विचारून तोच द्यावा, नाहीतर पोटशूळ उठतो. तीनशे किलोच्या घोडीला दिवसाला सहा-सात किलो कोरडा चारा-दाणा लागतो. तेवढा वैरणीचा हिशोब बाजारला निघण्यापूर्वीच करून ठेवावा.