औषधाचे वावडे



वर्धापनदिनी मी चार शब्द बोलावे असा आपण आग्रह केलात. मी सातवीपर्यंत शिकलेली, मोठे भाषण मला येत नाही. पण आपल्यापैकी कुणाच्याही घरी उपयोगी पडेल अशी एक गोष्ट सांगते.

कुणाला वांगे बाधते, कुणाला शेंगदाणा. तसेच एखाद्याला औषधाचे वावडे असते. जिवावर बेतणाऱ्या वावड्याला ‘अ‍ॅनाफिलॅक्सिस’ म्हणतात. शार्ल रिशे या फ्रेंच शास्त्रज्ञाला याच संशोधनाबद्दल १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

माझ्या धाकट्या जावेचे पित्ताशयाचे ऑपरेशन ठरले होते. भूल दिल्यावर जंतूंवरचे इंजेक्शन टोचले, आणि पाहता पाहता अंगभर गांधी उठल्या, रक्तदाब खाली आला. भुलेतला माणूस ‘मला कसेसेच होते’ असे सांगणार कसा? डॉक्टरांनी तत्काळ अ‍ॅड्रिनॅलिन दिले, सलाईन सोडले आणि ऑपरेशन पुढे ढकलले. जाऊ वाचली. मागाहून तिची आई म्हणाली, “लहानपणी असल्याच इंजेक्शनाने हिचे तोंड सुजले होते.” तो कागद माहेरच्या ट्रंकेत होता. मुलगी सासरी आली, कागद आला नाही.

ब्रिटनमधील भूलतज्ज्ञांचा २०१८ सालचा अहवाल सांगतो की, सुमारे दहा हजार भुलींत एकदा असे घडते. सर्वांत अधिक वेळा कारण जंतूंवरची औषधे, त्याखालोखाल स्नायू सैल करणारी. कातडी पुसण्याचे क्लोरहेक्झिडीनही बाधू शकते, तसेच हातमोज्यांचे रबरही. म्हणजे प्रकार विरळा आहे. भिऊन ऑपरेशन टाळू नये.

मात्र औषध बाधले तर त्याचे नाव, काय झाले आणि केव्हा झाले, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. भूल देणाऱ्या डॉक्टरांना दर वेळी, न विचारताही सांगावे. फुगा फुगवताना ओठ सुजत असतील तर तेही सांगावे. नुसते मळमळले की वावडे समजू नये. उगाच चांगले औषध हातचे जाते. शंका असल्यास तपासणी होते, ती करून घ्यावी.

लेकीच्या रुखवतात आपण लाडू, चकल्या, भरतकाम मांडतो. त्याबरोबर तिच्या दुखण्याखुपण्याचा कागदही द्यावा, आणि सुनेला तिचा मायेने विचारावा, एवढीच माझी विनंती.