एका लिटरचे किलो किती? विचारा त्या ६९ जणांना

हेडफोन लावलेत ना? आज सुरुवात स्वयंपाकघरातून करू.

गोडेतेलाची एक लिटरची पिशवी घ्या आणि मागचं बारीक अक्षर वाचा. वजन असतं साधारण ९१० ग्रॅम. मग काय, ९० ग्रॅमला फसवलं? नाही हो. लिटर सांगतो जागा किती व्यापली, ग्रॅम सांगतो वस्तुमान किती. दोघांना जोडते ती घनता. सूत्र शाळेतलंच. लिटरचे किलो करायचे तर घनतेने गुणा, किलोचे लिटर करायचे तर भागा.

सोपंय ना? आता हे ऐका.

२३ जुलै १९८३. कॅनडा. एअर कॅनडाची फ्लाइट १४३, नवंकोरं बोइंग ७६७, मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालेलं. इंधन दाखवणारे मीटर बंद होते, म्हणून टाकीत पट्टी घालून मोजलं: ७,६८२ लिटर. प्रवासाला हवं होतं २२,३०० किलो. घनता धरली १.७७. गुणाकार आला १३,५९७. म्हणजे अजून ८,७०३ हवेत. भागिले १.७७, झाले ४,९१७ लिटर. तेवढं भरलं आणि निघाले.

गडबड कुठे झाली? १.७७ हा आकडा पौंडांचा होता! जुनी विमानं पौंडावर चालायची, हे नवं विमान किलोवर. किलोसाठी आकडा हवा होता ०.८०३. म्हणजे टाकीत खरं तर फक्त ६,१६९ किलो होतं आणि भरायला हवे होते सुमारे २०,०८८ लिटर. भरले त्याच्या पाव!

बरं, ओटावाला पुन्हा मोजलं. पण हिशेब परत त्याच १.७७ ने. चुकीच्या आकड्याने दहादा तपासलं तरी उत्तर दहादा चुकणारच.

४१,००० फुटांवर इंधन संपलं. दोन्ही इंजिनं बंद. नशीब, कॅप्टन बॉब पिअर्सन यांना ग्लायडर उडवायचा सराव होता. त्यांनी विमान तरंगत तरंगत गिमली गावच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. तिथल्या धावपट्टीवर तेव्हा गाड्यांच्या शर्यती व्हायच्या! आतले ६९ जण वाचले.

मला यातलं काय लागलं सांगू? ही चूक कॅल्क्युलेटरशिवाय पकडता आली असती. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. विमानाचं इंधन पाण्यापेक्षा हलकं, पाण्यावर तरंगतं. मग त्याचा एक लिटर १.७७ किलो कसा भरेल? उत्तर काढण्याआधी पाण्याशी ताडून बघायचं, बस्स.

मी कोड लिहितो. माझ्या कोडमध्ये आता नुसतं 'वजन' नसतं, 'वजन_किलो' असतं. चार अक्षरं जास्त टाइप करावी लागतात, पण रात्री झोप लागते.

आता गृहपाठ. आईने लोणच्यासाठी एक किलो तेल आणायला सांगितलं, तर लिटरभराची एक पिशवी पुरेल का? गुणायचं की भागायचं, कमेंटमध्ये लिहा. पण एककासकट हं!

भेटू पुढच्या भागात.