डेन्मार्कमधील नोकरी आणि आपली माणसे
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने आम्हां उभयतांस आज येथे बोलण्याची आज्ञा केली, ती केवळ आम्ही २०१२ ते २०२३ अशी अकरा वर्षे कोपनहेगन शहरी नोकरी करून राहिलो, एवढ्याचसाठी. आपल्या ज्ञातीतील अनेक घरची मुले-मुली आता तिकडे जाऊ लागली आहेत. परवाच्या वधूवर मेळाव्यात "मुलगा डेन्मार्कला असतो" हे वाक्य आम्ही तीनदा ऐकले. तो काय मिळवितो याची चौकशी सर्वांनी केली. तो तेथे कसा नांदतो, हे मात्र कोणी विचारले नाही. त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी बोलावे असा आमचा मानस आहे.

तो देश आपणांस अगदीच परका नव्हे. सिमेंटच्या यंत्रसामग्रीच्या कामानिमित्त हिंदुस्थानात आलेल्या हेनिंग होल्क-लार्सन व सोरेन टुब्रो या दोघा डॅनिश इंजिनियरांनी १९३८ साली मुंबईत आपली पेढी काढली; पवईच्या तिच्या कारखान्यात ज्यांच्या वडिलांनी हयात घालविली अशी चार-दोन घरे या सभागृहात खचित असतील. त्यापूर्वी, १६२० मध्येच, तंजावरच्या राज्यातील तरंगमबाडीस डॅनिश व्यापाऱ्यांनी किल्ला बांधला होता. पुढे ते राज्य भोसल्यांकडे आले तरी ती वसाहत डॅनिशांकडेच राहिली आणि १८४५ साली त्यांनी ती इंग्रजांस विकली. असो. हा इतिहास सांगण्याचा हेतू एवढाच की, त्या काळी ते आपल्याकडे येऊन आपल्या रीती शिकले. आता शिकण्याची पाळी आपली आहे.

पहिली अडचण संबोधनाची. आपल्या भाषेत तू, तुम्ही आणि आपण अशा तीन पायऱ्या आहेत, आणि कोणापुढे कोणत्या पायरीवर उभे राहावे हे आपण आईच्या मांडीवर शिकतो. डॅनिश भाषेतही आदरार्थी सर्वनाम होते. गेल्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकांत ते व्यवहारातून बहुतेक नाहीसे झाले. आज कंपनीच्या मुख्याधिकाऱ्यास कालचा उमेदवारही नावानेच हाक मारतो. "सर" म्हटले तर तो थोडा संकोचतो, थोडा हसतोही. अक्सेल सान्देमोस या लेखकाने १९३३ सालच्या आपल्या कादंबरीत 'यान्ते' नामक गावाचे दहा नियम रचले. कोणीही स्वतःस इतरांहून थोर समजू नये, हा त्यांचा मथितार्थ. लेखकाने ते उपहासाने लिहिले. परंतु आजही डॅनिश मनुष्य आपल्या समाजाचा स्वभाव सांगताना त्या नियमांचाच दाखला देतो. म्हणून आपल्या पदव्या आणि पारितोषिके तेथे बोलण्यात फार आणू नयेत.

मात्र नावाने हाक मारता आली म्हणजे समानता अंगी बाणली, असे नव्हे. खरी परीक्षा बैठकीत होते. तेथे वरिष्ठ आपला विचार मांडतो आणि गप्प बसतो. त्याची अपेक्षा असते की, त्यातील उणीव कोणीतरी दाखवावी. आपला मुलगा मान डोलावतो. त्याच्या मनात आदर असतो. समोरच्यास वाटते, ह्याचे काही मतच नाही.

येथे एक हकीगत सांगणे भाग आहे. आमच्या परिचयाचा एक तरुण, हुशार, सांगलीकडचा, एका कंपनीत रुजू झाला. नाव आम्ही सांगणार नाही, कंपनीचेही नाही. दिलेल्या प्रत्येक कामास तो "होय, शुक्रवारपर्यंत होईल" असे म्हणे. नाही म्हणणे म्हणजे उर्मटपणा, अशी त्याच्यावर घरची शिकवण. मग रात्री आठ-आठपर्यंत तो एकटाच कचेरीत बसे. त्याला वाटे, साहेब हे कष्ट पाहत आहेत. साहेब पाहत होतेच. पण त्यांस वाटे की, ह्यास काम झेपत नाही आणि हा मदतही मागत नाही. दोन शुक्रवार चुकले. तिसऱ्या शुक्रवारी त्याच्या "होय"वर कोणी विसंबेना. पगारी कर्मचाऱ्यांच्या तेथील कायद्यान्वये उमेदवारीचा काळ तीन महिन्यांपर्यंत ठेवता येतो, आणि त्या काळात मालक अवघ्या चौदा दिवसांच्या सूचनेने नोकरी संपवू शकतो. त्यास ते पत्र मिळाले. त्याचा राहण्याचा परवाना त्याच नोकरीशी बांधलेला. पुण्यातील भाड्याचे घर मोडून, सामान विकून पत्नी नुकतीच तिकडे आली होती. आज ती दोघे पुन्हा पुण्यात आहेत, आणि तो उत्तम काम करीत आहे. बुद्धीत तो कोठेच उणा नव्हता. "बुधवारपर्यंत होणार नाही, सोमवार धरा" हे एक वाक्य त्याच्या जिभेवर आले असते, तर त्याचा संसार तेथे थाटला असता, असे आम्हांस प्रामाणिकपणे वाटते.

नोकरी इतक्या सहज जाते, हे ऐकून येथील कित्येक मातांच्या चेहऱ्यावर चिंता दिसते आहे. त्यामागे मोठा इतिहास आहे. १८९९ साली तेथे सुमारे शंभर दिवसांची टाळेबंदी झाली आणि सप्टेंबरात मालक व कामगारसंघ यांच्यात करार झाला. काम कसे वाटावे आणि कोणास ठेवावे हा अधिकार मालकाचा. संघटित होऊन वाटाघाटी करण्याचा अधिकार कामगारांचा. अद्यापही त्या देशात किमान वेतनाचा सरकारी कायदा नाही. बहुतेक वेतने संघ व मालक यांच्या करारांवरून ठरतात, आणि सुमारे दोनतृतीयांश नोकरदार कोणत्या ना कोणत्या संघाचे सभासद असतात. कामगारांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधीस त्यांच्या भाषेत 'विश्वासाचा प्रतिनिधी' म्हणतात. हा शब्द आम्हांस फार आवडला. बेकारीविम्याची मंडळे निराळी. त्यांत आपणहून वर्गणी भरून नाव घालावे लागते. संघात जाणे म्हणजे संपावर जाणे, अशी भीती आपल्या मध्यमवर्गास वाटते. तेथे तसे काही नाही. मालकही ते जाणतो आणि वाईट मानीत नाही.

कामाचा आठवडा साधारणतः सदतीस तासांचा. चारच्या सुमारास कचेरी ओस पडू लागते, कारण पाळणाघरे पाचच्या आसपास बंद होतात आणि मुलास आणण्याची पाळी बापाचीही असते. मोठा अधिकारी भर बैठकीतून "मुलीस आणावयाचे आहे" म्हणून उठतो, आणि कोणी भुवई उंचावीत नाही. सुट्टीविषयीही ते तितकेच दक्ष. वर्षास पाच आठवडे, दरमहा २.०८ दिवस या हिशेबाने. नवागताने हा हिशेब ध्यानी ठेवूनच गणपतीस घरी येण्याची तिकिटे काढावीत. १६८६ पासून चालत आलेली 'महाप्रार्थना दिना'ची सुट्टी सरकारने २०२४ पासून रद्द केली, तेव्हा त्या एका दिवसासाठी २०२३ च्या फेब्रुवारीत हजारो लोक पार्लमेंटपुढे जमले होते.

आता थोडे भाषेविषयी. तिकडे आभारास 'ताक' म्हणतात. जेवणानंतर ताक, निरोप घेताना ताक, मागच्या भेटीबद्दलही ताक! कोकणातून आलेल्या आमच्या सासूबाई पहिल्या दिवशी वाडगा घेऊनच बसल्या होत्या. परंतु 'प्लीज' या अर्थाचा रोजच्या वापरातला असा एक शब्द त्यांच्याकडे नाही. त्यामुळे त्यांचे इंग्रजी आपल्या कानांस रूक्ष लागते. विचार केला तर मराठीत तरी कोठे आहे? 'कृपया' आपण पाटीवर लिहितो. घरात "पाणी दे गं" एवढेच म्हणतो, आणि त्यात अपमान नसतो. हे उमगल्यापासून कचेरीतील निम्मे रुसवे आमचे आम्हीच सोडून दिले.

सर्वांत कठीण वाटा मात्र सोबत गेलेल्या पत्नीच्या पदरी येतो. तिला काम करण्याची मुभा असते. पण भाषेवाचून आपल्या विद्येचे काम सहसा मिळत नाही. नोव्हेंबरात चार वाजताच अंधार पडतो आणि शेजारचे दार उघडत नाही. आमच्यापैकी जी आज बोलत नाही, समोरच्या रांगेत बसली आहे, ती येथे शाळेत गणित शिकवीत असे. तिकडे तिने दोन वर्षे संध्याकाळी भाषाशाळेत जाऊन नंतर एका बालवाडीत मदतनिसाचे काम धरले. तान्ही मुले थंडीत बाबागाडीत बाहेर निजविलेली पाहून पहिल्या आठवड्यात तिचा जीव कासावीस झाला होता. तरीही घरात प्रथम डॅनिश बोलू लागली ती तीच. आम्ही मागून शिकलो. ज्यांच्या मुली-सुना जात आहेत, त्यांनी लग्नाच्या खर्चातून चार पैसे आधीच्या भाषाशिक्षणासाठी बाजूस काढावेत.

येत्या जानेवारीत आपल्या ज्ञातीतील तिघेजण निघत आहेत, असे चिटणीसांकडून कळते. त्यांनी चहाच्या वेळी आमच्याकडे यावे. परवान्याचे कागद, बँक आणि सरकारी नोंदणी यांचा क्रम लिहून आणला आहे. आणि हो, वाढदिवस ज्याचा, केक त्यानेच कचेरीत न्यावयाचा असतो. कोणी आणील म्हणून वाट पाहत बसू नये.