‘नो साबो’ म्हणणारी पोरं

तीन वर्षांचं मूल ‘मी करलं’ म्हणतं. आजीला हसू येतं, आई म्हणते, ‘केलं म्हण.’ पण पोराचं काय चुकलं? धरलं, भरलं, तसं करलं. आडमुठी आहे ती भाषा! ‘केलं’ दिवसभर कानावर पडत राहतं आणि हळूहळू ‘करलं’ आपोआप गळून जातं.

स्पॅनिशमध्ये ‘मला माहीत नाही’ला ‘नो से’ म्हणतात. मूळ क्रियापद ‘साबेर’. ‘कोमेर’ म्हणजे खाणे, त्याचं ‘कोमो’ होतं. मग पोरं ‘साबेर’चं ‘साबो’ करतात. मेक्सिकोतली पोरंही करतात नि लवकरच सोडून देतात. अमेरिकेत घरी स्पॅनिश बोलणारे चार कोटींहून जास्त आहेत. तिथलं मूल शाळेत जाऊ लागलं की दिवसाचा मोठा भाग इंग्रजीत जातो, ‘से’ कानावर पडायचं कमी होतं. काहींचं ‘साबो’ मग तसंच राहतं. अशांना ‘नो साबो’ म्हणून चिडवतात. हल्ली काही तरुण ते नाव मिरवतातही.

हा दोष दोन भाषांचा, असं मात्र समजू नका. ‘तेनेर’चा भूतकाळ ‘तुवे’, ‘आंदार’चा ‘आंदुवे’. ठेवण एकच. पण ‘तुवे’ सतत लागतं, ‘आंदुवे’ क्वचित; म्हणून स्पेनमधली शिकलीसवरलेली माणसंसुद्धा नियमाला धरून ‘आंदे’ म्हणून जातात. जोन बायबी या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी हे नीट मांडलं आहे: वाकडं रूप टिकतं ते वापराच्या जोरावर. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाच्या वाट्याला वापरच कमी येतो, एवढाच फरक.

आपल्या ‘तू यावंस’सारखं रूप स्पॅनिशमध्येही आहे. ‘तू येतोस’ला ‘बिएनेस’. ‘तू यावंस असं मला वाटतं’ म्हणताना ‘बेंगास’. कार्मेन सिल्वा-कोर्वालान यांनी लॉस एंजेलिसमधल्या तीन पिढ्यांचं बोलणं तपासून १९९४ साली पुस्तक लिहिलं. पिढीगणिक हे रूप मागे पडताना त्यांना दिसलं. नंतरच्या अभ्यासांतून एक बारकावा पुढे आला: ते सगळ्या क्रियापदांतून सारखं जात नाही. नेहमीच्या क्रियापदात तोच माणूस ते अचूक वापरतो, क्वचितच्या क्रियापदात अडखळतो.

पण नेहमीचं म्हणजे कुणाच्या नेहमीचं? शब्द मोजणारे वर्तमानपत्रं मोजतात, सिनेमांचे संवाद मोजतात. घर कोण मोजणार? पोर्तो रिकोच्या घरांत मूल बाहेर पडताना आजीला ‘बेंदिसियोन’ म्हणतं, म्हणजे आशीर्वाद दे. आजी म्हणते, ‘दिओस ते बेंदीगा’, देव तुझं भलं करो. ‘बेंदीगा’ हे त्याच ‘यावंस’च्या जातीचं रूप, तेही वाकड्या क्रियापदाचं. याच क्रियापदाचा भूतकाळ विचारलात तर न्यू यॉर्कमध्ये वाढलेला नातू कदाचित डोकं खाजवेल. ‘बेंदीगा’ मात्र तो दारातून, फोनवरून, जिन्यात असताना पाठीमागून ऐकत आलाय.