नेताजी परत आले, पुढे काय?



मोडलेला विश्वास पुन्हा जुळतो का? मला इतिहासाच्या तासाचे नेताजी पालकर आठवतात. 1666 मध्ये पन्हाळ्याच्या स्वारीत ते वेळेवर पोहोचले नाहीत. महाराजांनी त्यांची सरनोबती काढली. ते विजापूरकरांकडे आणि तिथून मिर्झाराजांकडे गेले. पुढे औरंगजेबाची कैद, धर्मांतर, काबूलकडची चाकरी. 1676 मध्ये परतल्यावर महाराजांनी त्यांना पुन्हा स्वधर्मात घेतलं, हे आपण पाठ केलंय. पण सरनोबत हंबीरराव मोहितेच राहिले, याकडे आपलं लक्ष जात नाही. मला तर त्यातच महाराजांचा शहाणपणा दिसतो.

आपल्या बार्शीच्या पेठेतही उधारी बुडवलेला माणूस परत आला, तर त्याला चहा मिळतो, माल मात्र रोखीनं. उधारीचं बघू, दिवाळीनंतर!

आज या मांडवात भागीदारी मोडल्यापासून एकमेकांशी न बोललेले काहीजण आहेत. नावं घेत नाही, गुरुजी ओळखतीलच. गळ्यात पडा असं मी म्हणणार नाही. आता पंगत बसेल, तेव्हा शेजारी बसलात तरी पुष्कळ झालं.