एका नोकरीनं घर परतत नाही



अध्यक्षाने वेतनेतर अनुदान, रखडलेली भरती आणि ऑनलाइन माहितीचा जाच यांवर बोलावं, असा आपल्या जिल्हा मुख्याध्यापक अधिवेशनाचा रिवाज आहे. हे तिन्ही विषय ठरावांत आहेत आणि आपले सचिव ते माझ्यापेक्षा खणखणीत आवाजात मांडतील. मला सोलापूर शहरातल्या शाळांच्या पटाबद्दल बोलायचंय. म्हणजे खरं तर शहराबद्दलच.

सोलापूर कात टाकतंय, असं हल्ली सगळे म्हणतात. त्यात तथ्य आहे. जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत आपलं नाव आलं. सिद्धेश्वर तलावाचा परिसर उजळला, पार्क मैदान नवं झालं. फेब्रुवारी 2023 मध्ये मुंबईची वंदे भारत सुरू झाली. विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली, त्यावरून गावात किती भांडणं झाली ते आपण जाणताच; आणि 2025 मध्ये होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून गोव्याचं विमान उडालं. मलाही आनंद झाला. पण मुख्याध्यापकाची नजर जरा वाकडी असते. ज्या गाडीनं पाहुणा लवकर येतो, त्याच गाडीनं आपलं पोरगंही लवकर जातं.

जनगणनेचे आकडे बघा. 2001 मध्ये शहराची लोकसंख्या 8.72 लाख होती, 2011 मध्ये 9.51 लाख. दहा वर्षांत जेमतेम नऊ टक्के वाढ. त्याच काळात अख्खा महाराष्ट्र सोळा टक्क्यांनी वाढला. बाहेरून कुणीही आलं नाही असं धरलं, तरी नुसत्या जन्मांनी शहर याहून जास्त वाढायला हवं होतं. याचा अर्थ माणसं निघून गेली. कोण गेली, हे जनगणना सांगत नाही. आपल्या कपाटातलं दाखल्यांचं रजिस्टर सांगतं.

या रजिस्टरात एक रकाना असतो, शाळा सोडण्याचं कारण. तिथे आपण डोळे मिटून लिहितो, ‘पालकांचे स्थलांतर’. एप्रिल-मेमध्ये पालक ऑफिसच्या दारात उभे राहतात. “मॅडम, पुण्याला शिफ्ट व्हायलोय. दाखला पाहिजे होता.” कुठे? हडपसर, वाघोली, हिंजवडी. आणि 30 सप्टेंबरचा पट धरून संचमान्यता, म्हणजे शिक्षकांच्या पदांची मंजुरी, झाली की तुमच्या-माझ्या शाळेतला एक शिक्षक अतिरिक्त ठरतो.

याच रजिस्टरात उलटा प्रवासही आहे, आणि मला तो जास्त बोलका वाटतो. 2020-21 मध्ये टाळेबंदीत कितीतरी तरुण जोडपी लॅपटॉप घेऊन माहेरी-सासरी परतली. मुलांची नावं आपल्याच शाळांत घातली. आजी-आजोबा घरात, भाडं नाही, दुपारी गरम भाकरी आणि शेंगाचटणी. त्यांतल्या अनेकांना खरोखर राहायचं होतं. ऑफिसं उघडली आणि ती गेली. सगळेच जण सक्तीनं गेले असं मात्र नाही. एका आईचं बोलणं मला आठवतं. टाळेबंदीनंतरही नवऱ्याला त्याच्या कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली होती, तिला नव्हती. तिनं सोलापुरात काम शोधलं. मिळत होतं ते पुण्यातल्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शात. शिवाय मुलगा साडेबाराला सुटणार, पुढे संध्याकाळपर्यंत त्याला बघणार कोण? सासूबाईंचे गुडघे गेलेले. त्यात पाणी तीन-चार दिवसांआड, कधी पाच, तेही अवेळी. म्हणजे त्या दिवशी घरातल्या एकानं हजर राहायलाच हवं. मोटर लावायची, टाकी भरायची, पिंप भरायचं. “टाळेबंदीत पाण्याच्या दिवशी मी मीटिंगला कॅमेरा बंद ठेवायचे,” असं ती हसत म्हणाली. उजनी धरण आपल्याच जिल्ह्यात आहे, हे तिला वेगळं सांगायची गरज नव्हती.

आपले उद्योजक आणि लोकप्रतिनिधी म्हणतात, आयटी पार्क आणा, मुलं परत येतील. आयटी पार्क जरूर यावा. पण लग्न झालेला, दीड-दोन वर्षांचं मूल असलेला मुलगा एकटा परत येत नाही. दोघांना काम लागतं, आणि दोघं कामावर गेल्यावर मुलाला जागा लागते.

सोलापूरला हे कधीकाळी कळत होतं. एकोणिसाव्या शतकाच्या सत्तरीत जुनी गिरणी सुरू झाली, मागून लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी आल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर कुटुंबंच्या कुटुंबं आली आणि पूर्व भाग उभा राहिला. ती टिकली, कारण पुरुषाला माग होता आणि बाईला विडी. विडीकामाचं मी गुणगान करत नाही. तंबाखूची धूळ, हजार विड्यांमागे मिळणारी तुटपुंजी मजुरी, सूप मांडीवर घेऊन वाकलेली पाठ, हे माझ्या विद्यार्थिनींच्या आयांचं रोजचं जगणं होतं. पण घरात दोन कमाया होत्या, गिरणीची चाळ होती, चालत जाण्याच्या अंतरावर तेलुगू, मराठी, कन्नड, उर्दू माध्यमाची शाळा होती. गिरण्या बंद पडल्या तेव्हा पगाराबरोबर ही सगळी घडीच विस्कटली. आज चादरीला भौगोलिक मानांकन आहे. मागावर बसणाऱ्याच्या मुलाला मात्र माग नको आहे.

तरुण कुटुंब म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुण्याहून गाडी घेऊन येणारं जोडपंच येतं, याचा मला राग येतो. जी तरुण कुटुंबं कुठेही गेली नाहीत, त्यांचं काय? कुंभारीच्या रे नगरमध्ये असंघटित कामगारांसाठी 30 हजार घरांची वसाहत होतेय. त्यांतल्या 15 हजार घरांचं हस्तांतर 19 जानेवारी 2024 ला झालं. देशात क्वचित कुठे झालं असेल असं काम हे. आता आपल्या धंद्याचा हिशेब करा. तीन घरांमागे शाळेत जाणारं एकच मूल धरलं, तरी पाच हजार मुलं झाली. अक्कलकोट रस्त्यावरून त्यांनी शहरातल्या जुन्या शाळेत यायचं कसं? सिटी बसचे हाल तुम्हाला माहीत आहेत. रिक्षाचं महिन्याचं भाडं विडी कामगाराला पेलवत नाही. मग आठवीनंतर पहिली गळते ती मुलगी. इकडे शहराच्या मध्यभागी आपले वर्ग ओस आणि तिकडे मुलांची गर्दी. माझं स्पष्ट मत आहे की जे इथेच राहिले त्यांचं नीट चाललेलं दिसलं, तरच गेलेले परतायचा विचार करतील. पुण्यातला भाऊ सोलापुरातल्या भावाला फोन करूनच ठरवतो, स्मार्ट सिटीची चित्रफीत बघून ठरवत नाही.

पाणी आणि कारखाने आपल्या हातात नाहीत. जे हातात आहे त्याचे दोन ठराव मी अध्यक्ष या नात्यानं मांडते. पहिला : दाखला देताना ‘पालकांचे स्थलांतर’ एवढ्यावर न थांबता पालकांना दोन मिनिटं बसवून कारण विचारावं. आईची नोकरी, बापाची नोकरी, पाणी, पाळणाघर, अकरावी-बारावीचे क्लास, जे असेल ते वेगळ्या वहीत नोंदवावं. नावं नकोत, नुसती कारणं. दरवर्षी जूनमध्ये सगळ्या शाळांची बेरीज महापालिका आयुक्तांच्या टेबलावर ठेवू. दुसरा : ज्या शाळांत खोल्या रिकाम्या आहेत, त्यांनी संध्याकाळी सहापर्यंत मुलांना सांभाळण्याची सोय सुरू करावी. आपल्याच परिसरातल्या गरजू बायकांना त्यात काम मिळेल, अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांनाही. संस्थाचालक विचारतील, परवानगी कुणाची, जबाबदारी कुणाची, वीजबिल कुणाचं. प्रश्न रास्त आहेत. शिक्षणाधिकारी साहेब पहिल्या रांगेतच बसले आहेत, त्यांचं उत्तर जेवणाच्या सुट्टीपूर्वी मिळावं, अशी विनंती करते आणि सूचक-अनुमोदकांना पुढे बोलावते.