कान भरले, तर?

झाडीपट्टीची नाटकं आपण रात्र-रात्र जागून पाहतो. आज एका जुन्या सूडनाटकाचे पहिले दोन अंक सांगते. शेक्सपिअरचं 'हॅम्लेट'. आपल्या अकोल्यात शिकलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी ते मराठीत आणलं, १८८३ साली, 'विकारविलसित' नावानं.

नाटक सुरू होतं तेव्हा राजा वारलेला असतो. साप चावला, असं सगळ्यांना सांगितलेलं. राजाचा भाऊ गादीवर बसलाय, राणीशी त्याचं लग्नही झालंय. मध्यरात्री राजाचं भूत येऊन मुलाला सांगतं, झोपेत माझ्या कानात विष ओतलं, ते माझ्याच भावानं. सूड घे!

पोरगा पेटून उठतो, वेड्याचं सोंग घेतो. पण तलवार उपसत नाही. दुसऱ्या अंकाच्या शेवटी म्हणतो, भूत खोटंही असेल. नाटकवाले आलेत. तसाच खून काकापुढं करून दाखवू, त्याचा चेहरा पाहू, मग ठरवू.

मला हे मागच्या वर्षी कळायला हवं होतं. आमच्या गटातल्या एका ताईनं हप्ता खाल्ला, असं कुणीतरी माझ्या कानात सांगितलं. मी भर बैठकीत तिला बोलले. नंतर पासबुक भरून आणलं, तर पैसे जमा! नोंद माझ्याच वहीत राहिली होती. घरी जाऊन माफी मागितली. ताई बैठकीला येते, पण माझ्याजवळ बसत नाही.

म्हणून सांगते बायांनो, कुणी कान भरले तर आधी पासबुक उघडा, तोंड मागाहून.